दिवाळीनंतरची सहल: नागावचा समुद्र, कुलाबा किल्ला आणि इमॅजिका

दिवाळीच्या सुट्टीत समुद्र आणि थीम पार्क ही दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत बसवायची, असे मुलांना कबूल केले होते. घरात आम्ही सहा जण: मी, माझे यजमान, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई-सासरे. मुलांना इमॅजिका हवे होते, सासूबाईंना पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घ्यायचे होते आणि सासऱ्यांना अलिबागच्या समुद्रातल्या, ओहोटीला चालत जाता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यात पुन्हा एकदा पायी जायचे होते. ही तिन्ही ठिकाणे रायगड जिल्ह्यातच असल्याने मार्ग ठरवणे अवघड नव्हते. खरा प्रश्न दिवस ठरवण्याचा होता. तो सासऱ्यांनी तारखेवरून न सोडवता तिथीवरून सोडवला, आणि आमची सहल नीट पार पडली ती मुख्यतः त्यामुळेच, असे मला वाटते.

सासऱ्यांचे लहानपण अलिबागजवळच्या चौलला गेले. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांना पाठ आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि तिच्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सव्वाअकराला भरती आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला जी कुटुंबे सकाळी दहा-अकराला अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचतात, त्यांना किल्ला पाण्याने वेढलेला दिसतो, त्याचे कारण हेच. भाऊबीजेला ओहोटी सकाळी साडेसातला येते, जी मुलांना घेऊन गाठणे कठीण असते. पंचमीला मात्र भरती पावणेचारला आणि ओहोटी पावणेदहाला. सकाळचा नाश्ता करून, ऊन तापण्याच्या आत जाऊन येता येईल अशी ही वेळ आहे.

मग अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, ती सुट्टीला अधिक सोयीची नाही का, असा प्रश्न मी विचारला होता. सासऱ्यांनी सांगितले की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जसे वर चढते तसे मागेही लांब जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. अष्टमीला वेळ सोयीची असली तरी किल्ल्याच्या वाटेवर पाणी उरलेले असू शकते. म्हणून कार्तिक शुद्ध पंचमी किंवा षष्ठी. हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावर उतरल्यावर तिथल्या कोळी बांधवांना विचारावे. ते जाऊ नका म्हणाले, तर जाऊ नये.

आमच्या वेळी पंचमी सोमवारी आली. आम्ही रविवारी पहाटे पुण्याहून निघालो. द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण, वडखळ, पोयनाडमार्गे अलिबाग हे अंतर सुमारे 145 किलोमीटर आहे. रविवारी जाण्याचा लाभ असा की सुट्टीची गर्दी त्या दुपारी मुंबई-पुण्याकडे परतत असते आणि आपण तिच्या उलट दिशेने जातो. अलिबागजवळच्या नागावात संध्याकाळपर्यंत रस्ते मोकळे झाले होते. मुंबईच्या वाचकांनी वडखळच्या कोंडीत न अडकता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट घ्यावी. तीत मोटारही नेता येते, मात्र दिवाळीच्या आठवड्यात गाडीची जागा आधी आरक्षित केल्याखेरीज जाऊ नये.

राहण्यासाठी अलिबाग शहरापेक्षा नागाव निवडले. वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत, विहिरीशेजारी घर आणि घरातल्याच बाईंच्या हातचे जेवण, असे घरगुती निवास येथे गल्लोगल्ली आहेत. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी, मासे खाणाऱ्यांसाठी जिताडा आणि ताजे बोंबील. जेवण किती वाजता व काय हवे हे आदल्या रात्री सांगावे लागते, कारण मासळी सकाळी आणली जाते. निवास ठरवताना खोली तळमजल्यावर आहे का, रात्री वीज गेल्यास पंखा चालतो का आणि वाडीत डासांसाठी काय सोय आहे, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने डास असतात. दिवसा ऑक्टोबरचा उकाडा रेंगाळतो, पण पहाटे अंगावर पांघरूण लागते.

पंचमीला सकाळी साडेआठला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर होतो. पाणी ओसरत होते आणि किल्ल्याकडे जाणारी ओल्या वाळूची व खडकांची वाट हळूहळू उघडी पडत होती. सव्वानऊला चालायला लागलो. खडकांवर कालवे, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात आणि त्यांची कड सुरीसारखी लागते, म्हणून अनवाणी किंवा साध्या रबरी चपला घालून जाऊ नये. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. सासूबाई घोडागाडीने आल्या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी संकोच न करता गाडी घ्यावी, मात्र जाण्यायेण्याचे पैसे आणि परतीची वेळ दोन्ही आधीच ठरवून घ्यावेत.

या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्णत्वाला गेले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. तटाजवळ मुलांना थांबवून सासऱ्यांनी दगडांच्या फटींत बोटे घालायला लावली. त्या मोठाल्या चिऱ्यांमध्ये चुना भरलेला नाही. आदळलेल्या लाटेचे पाणी फटींमधून आत शिरते आणि तिचा जोर तटावर न पडता विरून जातो. तीन शतके समुद्राचा मारा सोसून उभी असलेली ती भिंत हाताने चाचपताना माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते पाठ्यपुस्तकातला धडा वाचताना कधी दिसले नव्हते. आत राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, गणेश पंचायतनाच्या सुबक मूर्ती आहेत, आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी देणारी विहीरही आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा पाहाव्यात.

किल्ल्यात आम्ही ठरवल्यापेक्षा अधिक रमलो आणि निघायला साडेअकरा झाले. ओहोटी उलटून पावणेदोन तास झाले होते. मध्यावर पाणी माझ्या पोटरीपर्यंत आणि मुलाच्या गुडघ्यांच्या वर आले, प्रवाह पायाला जाणवत होता, आणि यजमानांनी त्याला खांद्यावर घेऊन उरलेली वाट पार केली. कोणाला काही झाले नाही, पण पुन्हा असे करणार नाही. पूर्ण ओहोटीच्या एक तास आधी निघावे आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत असावे. किल्ला पाहायचा राहिला तर राहू द्यावा. घड्याळ पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवले तर हे पाळले जाते.

समुद्रस्नानाचाही हिशेब याच तिथीने होतो. पंचमी-षष्ठीला भरती दुपारी चारच्या सुमारास असल्याने तीन ते चार या तासात, पाणी चढत असताना, आम्ही कमरेच्या खालच्या पाण्यात खेळलो आणि ओहोटी लागताच सर्वांना बाहेर काढले. ओसरते पाणी माणसाला आत ओढते, ही गोष्ट शहरात वाढलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. नागावच्या किनाऱ्यावर पाण्यातले खेळही चालतात. एका ठिकाणी मुलासाठी दिलेल्या जीवरक्षक जाकिटाचे बंद तुटलेले होते. आम्ही पैसे भरलेले नव्हते, म्हणून सरळ निघून आलो. जाकीट अंगावर चढवून, सगळे बंद आवळून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.

षष्ठीची सकाळ नागावशेजारच्या आक्षीत घालवली. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाणारी वाट सुंदर आहे, पण आक्षीला आवर्जून जावे ते तिथल्या शिलालेखासाठी. तो शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो, आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यात केसीदेवराय राजाला ‘पसिमसमुद्राधिपति’ म्हटले आहे. अक्षरे झिजलेली आहेत, मुलांना ती वाचता आली नाहीत, तरी हजार वर्षांपूर्वी याच समुद्राचे नाव आपल्या भाषेत कोणीतरी दगडावर कोरले, हे मी त्यांना सांगितले तेव्हा माझाच आवाज किंचित दाटून आला. पाहायला दहा मिनिटे पुरतात.

सप्तमीला नाश्ता करून निघालो. वडखळ, नागोठणे, वाकण फाटा आणि पाली असा रस्ता आहे. महामार्गावर जिथे कामे सुरू असतात तिथे वेळ मोडतो, म्हणून दोन तासांऐवजी तीन तास हाताशी ठेवावेत. पालीला आधी धुंडीविनायकाचे आणि मग बल्लाळेश्वराचे दर्शन घेण्याची रीत आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी अर्पण केलेली मोठी घंटा मुलांना दाखवावी. वेळ असल्यास जवळच्या उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडे पाहता येतात. आम्ही सासूबाईंच्या पायांना बरे वाटावे म्हणून थांबलो होतो.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच असल्याने पालीहून उलट फिरावे लागत नाही. आम्ही जवळच मुक्काम केला आणि अष्टमीचा गुरुवार थीम पार्कला, नवमीचा शुक्रवार वॉटर पार्कला दिला. दोन्हींची तिकिटे वेगळी असतात आणि दोन्ही एका दिवसात करू नयेत. मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, म्हणून घरीच उंची मोजून मग तिकीट काढावे. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, तेव्हा पोटभर नाश्ता करूनच जावे.

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचलो. आत गेल्यावर बहुतेक कुटुंबे समोर दिसेल त्या रांगेत उभी राहतात. आम्ही तसे न करता यजमान आणि मुलगी यांना थेट नायट्रोकडे पाठवले, त्यानंतर अंधारात धावणाऱ्या डीप स्पेसकडे. या दोन मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगा दुपारी लांबतात, त्यामुळे पहिल्या तासातच त्या उरकाव्यात. सहा वर्षांच्या मुलाला उंचीच्या नियमामुळे नायट्रोत बसता येणार नव्हते. हे त्याला घरून निघण्यापूर्वीच सांगितले होते, शिवाय त्याला काय करता येईल याची यादी त्याच्याकडूनच लिहून घेतली होती, म्हणून दारातली रडारड टळली. त्याला गोल्ड रश एक्सप्रेस आणि अलिबाबाच्या गुहेतली नेमबाजी सर्वाधिक आवडली.

राजासॉरसची जलसफर दुपारी उन्हाच्या वेळी घ्यावी, कारण अंग भिजते. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नसून खरा डायनोसॉर होता आणि त्याचे जीवाश्म गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आहेत, हे मुलांना आधी सांगितले तर रांगेतला वेळ बोलण्यात जातो. ‘आय फॉर इंडिया’मध्ये भारतावरून उडत गेल्याचा अनुभव मिळतो, सासू-सासऱ्यांनी तेवढा एकच घेतला आणि तो त्यांना पुरेसा वाटला. उरलेला वेळ त्यांनी सावलीत बसून, आमच्या पिशव्या सांभाळत काढला. ज्येष्ठांना सोबत नेणार असाल तर त्यांच्यासाठी सावलीची जागा सकाळीच हेरून ठेवा आणि दुपारी जेवायला सर्वांनी कुठे भेटायचे ते ठरवून ठेवा, गर्दीच्या आवाजात फोन ऐकू येत नाहीत. संध्याकाळची मिरवणूक पाहूनच निघावे.

वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. साडी किंवा सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. घरातल्या मोठ्या बायकांना हे आधी सांगावे, म्हणजे ऐनवेळी अवघडल्यासारखे होत नाही. सासूबाईंनी बाहेर थांबणे पसंत केले. शुक्रवारी आम्ही तीन वाजता आवरते घेतले, कारण विकेंडला निघालेली वाहने संध्याकाळी बोरघाटात गर्दी करू लागतात. खोपोलीत चहा घेतला आणि साडेसहाला घरी पोहोचलो. मुले गाडीतच झोपली होती. सासऱ्यांनी रात्री जेवणाआधी पुढच्या वर्षीचे पंचांग मागवायला सांगितले. त्यांना कार्तिक पंचमी कोणत्या वारी येते ते पाहायचे होते.