पत्त्यातले एक टिंब

देशातील बँकांची संकेतस्थळे यापुढे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाखाली येतील, असे रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केले आणि त्यासाठी पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हा शेवट बाजारात कोणालाही विकत मिळत नाही; त्याची नोंदणी बँकिंग तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते. निर्णय चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पुण्यातील एका पतसंस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना हा बदल समजावताना मी फळ्यावर दोन पत्ते लिहिले. एक 'अबक डॉट बँक डॉट इन' आणि दुसरा 'अबकबँक डॉट इन'. फरक एका टिंबाचा. पहिला पत्ता बँकेखेरीज कोणाच्या हाती लागू शकत नाही. दुसरा मोकळा असेल, तर थोडे पैसे भरून कोणीही घेऊ शकतो.

संकेतस्थळाचा पत्ता टपालाच्या पाकिटासारखा शेवटाकडून वाचावा लागतो, कारण मालकी कोणाची हे शेवटचे तुकडे ठरवतात. डावीकडे मालकाला हवे ते लिहिण्याची मुभा असते. त्यामुळे एखाद्या नामांकित बँकेचे पूर्ण नाव सुरुवातीला घालून पुढे भलतेच डोमेन, म्हणजे कोणीतरी स्वतःसाठी नोंदवलेले नाव, जोडलेला पत्ता तांत्रिकदृष्ट्या अगदी वैध असतो. मोबाइलच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता मावत नाही, आणि संदेशातल्या दुव्याचा सुरुवातीचा ओळखीचा भाग दिसला की बोट पुढे जाते. वाहतूक दंडाच्या बनावट संदेशांत हेच चालते. खरा पत्ता 'ई-चलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. त्यातला 'जीओव्ही' हा तुकडा गाळला किंवा टिंबाच्या जागी आडवी रेघ घातली, तरी दुचाकी घेऊन घाईत निघालेल्या माणसाला वाक्याचा अर्थ तोच वाटतो. त्याला दोष देणे मला पटत नाही. आपण वाचताना अक्षरे मोजत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. फसवणारा नेमका या सवयीवर विसंबून असतो.

आकारच हुबेहूब असेल तर काळजीपूर्वक वाचूनही उपयोग होत नाही. रोमन लिपीतला 'ए' आणि रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीतला 'आ' छोट्या लिपीत डोळ्यांना एकच दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, पहिल्याचा क्रमांक ९७ आणि दुसऱ्याचा १०७२ आहे. संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. इव्हगेनी गॅब्रिलोविच आणि अ‍ॅलेक्स गोंटमाखर या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावातली काही अक्षरे सिरिलिक घालून तसा पत्ता खरोखर नोंदवून दाखवला होता. त्याविषयीचा त्यांचा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ब्राउझरांनी नियम केला की एका नावात अशा लिप्यांची भेसळ दिसली, तर नाव जसेच्या तसे न दाखवता 'एक्स-एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे त्याचे सांकेतिक रूप दाखवायचे. एप्रिल २०१७ मध्ये शुडाँग झेंग या अभ्यासकाने अ‍ॅपलचे संपूर्ण नाव एकट्या सिरिलिक अक्षरांत रचून दाखवले. भेसळ नव्हतीच, म्हणून नियमही लागू झाला नाही. क्रोमने ५८व्या आवृत्तीत ही पळवाट बुजवली.

आपल्या लिपीतही हा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही याची मला खंत वाटते. 'डॉट भारत' या शेवटाखाली देवनागरीत डोमेन घेण्याची सोय ऑगस्ट २०१४ पासून आहे. आता 'धनवृद्धी' आणि 'घनवृद्धी' हे दोन शब्द मोबाइलवर बारीक ठशात पाहा. दोन्ही शुद्ध देवनागरी आहेत, त्यामुळे लिप्यांची भेसळ शोधणारा नियम इथे गप्प बसतो. भ आणि म, ब आणि व या जोड्यांचेही तेच. त्याहून सूक्ष्म बाब मराठीच्या खास अक्षराची आहे. 'सुऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. ऱ ला हलन्त जोडून एक, आणि साध्या र ला हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून दुसरा. पडद्यावर उमटणारी आकृती एकच असते. म्हणून दोन पत्ते किती सारखे आहेत याची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमने आधी अशा पर्यायी लेखनांना एका ठरलेल्या रूपात आणले पाहिजे, नाहीतर पुढची सगळी मोजदाद पोकळ ठरते.

मोजदादीची साधने जुनी आणि भक्कम आहेत. व्लादिमीर लेव्हनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या अंतरात, एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात हे मोजतात. मात्र तीन-चार अक्षरांच्या नावापासून एका अक्षराच्या अंतरावर शेकडो निरुपद्रवी नावे असतात, म्हणून मर्यादा नावाच्या लांबीप्रमाणे बदलावी लागते. युनिकोडच्या सुरक्षाविषयक मानकात सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची तयार यादी आहे. तिच्या आधारे प्रत्येक नावाचा सांगाडा, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी एकच ठरलेले अक्षर घातलेले रूप, काढता येतो, आणि दोन वेगळ्या नावांचा सांगाडा एकच निघाला तर संशयाला जागा आहे. रोमन 'आर' आणि 'एन' शेजारी येऊन 'एम' भासतात, तेही यात पकडता येते. याउलट खऱ्या नावापुढे 'केवायसी', 'लॉगिन' किंवा 'रिफंड' असा शब्द चिकटवला, तर अक्षरांचे अंतर एवढे वाढते की हे मोजमाप त्या नावाकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथे आपले नाव दुसऱ्याच्या नावात दडले आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

माझे ठाम मत असे आहे की 'हा पत्ता लबाड आहे का' हा प्रश्नच यंत्राला विचारू नये. नुसत्या रूपावरून त्याचे उत्तर मिळत नाही, आणि बनावट पाने इतकी अल्पायुषी असतात की काळ्या यादीत नाव चढेपर्यंत अनेकांचे पैसे गेलेले असतात. विचारण्याजोगा प्रश्न लहान आहे: आम्ही रोज वापरतो त्या पत्त्यांपैकी एखाद्यासारखा हा दिसतो, पण तो नाही, असे आहे का? पतसंस्थेसाठी मी जो छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो एवढेच तपासतो. त्याच्याजवळ आमच्या कामाच्या पत्त्यांची यादी आहे: खाती असलेल्या बँका, प्राप्तिकर, जीएसटी, सहकार विभाग, वीजबिल. यादी छोटी असल्यामुळे बारकाईने तुलना करणे परवडते, आणि जगभरच्या नावांशी ताडून पाहताना उठतात तशा खोट्या हाका उठत नाहीत.

पासवर्ड मॅनेजर हेच काम कोणताही गाजावाजा न करता करतो. त्याने पासवर्ड ज्या डोमेनसाठी जपला आहे, त्याखेरीज दुसरीकडे तो स्वतःहून भरत नाही. त्याला अक्षराचा आकार दिसत नाही, क्रमांक दिसतो. रोज आपोआप भरली जाणारी चौकट एखाद्या दिवशी रिकामी राहिली, तर हाताने पासवर्ड टंकण्यापूर्वी थांबावे, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. त्या कुलपासाठी संकेतस्थळाला लागणारे डिजिटल प्रमाणपत्र फुकट मिळते, आणि ते बनावट पानालाही मिळते. कुलूप फक्त मधला प्रवास गुप्त असल्याचे सांगते, पलीकडे कोण बसले आहे हे नाही. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्हच काढून टाकले. या प्रमाणपत्रांचा एक लाभ आहे. त्यांची नोंद सार्वजनिक वह्यांत होते, त्यामुळे आपल्या संस्थेचे नाव गुंफलेला नवा पत्ता उगवला, तर तो बहुतेक वेळा तिथे लवकर दिसतो.

पत्ता संशयास्पद वाटला म्हणून पान थेट बंद करणे मला योग्य वाटत नाही. जनसेवा, जनकल्याण, जनता अशी एकमेकांसारखी नावे असलेल्या खऱ्या संस्था महाराष्ट्रात असंख्य आहेत, आणि अशा शेजाऱ्याला चोर ठरवणे अन्याय होईल. म्हणून आमचा प्रोग्रॅम मराठीत दोन ओळी दाखवतो. वर यादीतला पत्ता, खाली उघडलेला पत्ता, आणि वेगळे अक्षर लाल रंगात ठळक. त्याखाली 'यादीतल्या पत्त्यावर जा' ही मोठी कळ असते. तरीही कोणी फसलाच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, ही सूचनाही तिथेच आहे, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी रोखता आले तरच परत मिळण्याची आशा असते. यादीत नवा पत्ता घालण्याचा अधिकार आम्ही शाखाधिकारी आणि लेखापाल या दोघांनाच दिला आहे, आणि तो पत्ता त्यांनी आलेल्या संदेशातून न घेता बँकेच्या छापील पासबुकावरून किंवा शाखेत प्रत्यक्ष विचारून घ्यायचा असतो.