आरशाच्या काठावर ३ नव्हे, ६ डेसिबल

तरंगलांबी निवडणाऱ्या ऑप्टिकल स्विचची रचना कागदावर सोपी वाटते. फायबरमधून आलेला प्रकाश ग्रेटिंगवरून (बारीक समांतर रेषांच्या पट्टीवरून) तरंगलांबीप्रमाणे विखुरतो, प्रत्येक चॅनेल, म्हणजे तरंगलांब्यांचा एक अरुंद पट्टा, भिंगातून आपापल्या सूक्ष्म आरशावर पडतो, आणि आरसा कसा कलला आहे त्यावर परतीचा प्रकाश कोणत्या फायबरमध्ये शिरणार ते ठरते. माझी गफलत झाली ती या ‘शिरण्या’पाशीच.

चॅनेलच्या टोकाची तरंगलांबी आरशाच्या काठावर येते, तेव्हा प्रकाशाच्या ठिपक्याचा अर्धा भाग आरशावर असतो आणि अर्धा बाहेर. अर्धी शक्ती परतली, म्हणजे तोटा ३ डेसिबल, असे गृहीत धरून मी मॉडेल लिहिले. मोजलेला आलेख मात्र त्या ठिकाणी ६ डेसिबल दाखवत राहिला. दोन दिवस मी उपकरणाच्या जुळणीलाच दोष देत बसलो होतो.

सिंगल-मोड फायबर शक्ती गोळा करत नाही. येणारे प्रकाशक्षेत्र त्याच्या स्वतःच्या मोडशी, म्हणजे त्यातून वाहू शकणाऱ्या एकमेव क्षेत्र-आकाराशी, किती जुळते, तेवढेच ते स्वीकारते. म्हणून दोन्ही क्षेत्रांचे ओव्हरलॅप इंटिग्रल (दोन्हींच्या गुणाकाराची ठिपक्यावरील बेरीज) काढून त्याचा वर्ग करावा लागतो. हे इंटिग्रल फायबरच्या तोंडाशीच काढले पाहिजे असेही नाही: फायबरचा मोड उलट दिशेने आरशापर्यंत आणला, की तेथेच हिशेब होतो आणि पुढच्या प्रवासाचे गणित वाचते. काठावर हे इंटिग्रल निम्मे होते, वर्ग केल्यावर एक चतुर्थांश उरतो, म्हणजेच ६ डेसिबल.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला तीच अधिक रंजक वाटते. प्रकाश मुद्दाम कमी करण्यासाठी आरसा विखुरण्याच्या दिशेत थोडा कलवला, की इंटिग्रलमध्ये तरंगाच्या कलेचा (फेजचा) एक उतार येतो आणि ते आरशावरील गाउसीय, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, तीव्रतेचे फूरिये रूपांतर (आकाराची वारंवारतांमध्ये फोड) बनते. अखंड गाउसीयचे रूपांतर झपाट्याने शून्याकडे जाते, पण काठाने कापलेल्याचे रेंगाळत खाली येते. ठिपक्याच्या मानाने आरसा रुंद धरून मी आकडे काढले, तेव्हा मध्यावर १५ डेसिबल क्षीणन (प्रकाशातील घट) असताना काठावर जेमतेम ११ डेसिबल आले. चॅनेलच्या दोन्ही टोकांना वर आलेल्या या उंचवट्यांना ‘रॅबिट इअर्स’ (सशाचे कान) म्हणतात, आणि आलेख पाहिल्यावर नाव पटते.

आरसा लंब दिशेत कलवला तर इंटिग्रलचे दोन घटक वेगळे होतात आणि संपूर्ण चॅनेल सारखाच मंदावतो, त्यामुळे कान उगवत नाहीत. परंतु बहुतेक रचनांमध्ये फायबरही त्याच दिशेत एकावर एक रचलेले असल्यामुळे ठिपका शेजारच्या फायबरकडे सरकतो आणि तेथे क्रॉसटॉक, म्हणजे नको असलेला प्रकाश शिरणे, वाढतो. मी सध्या दोन्ही अक्षांवर थोडे थोडे कलवून पाहतो आहे. मॉडेलमध्ये त्यासाठी फक्त एक गुणक वाढला.