तुम्ही विचारलंत म्हणून: डेटा सेंटर आलं की किती जणांना काम लागतं?

"तुम्ही त्याच लाइनमध्ये आहात ना, मग सांगा बरं, आमच्याकडे डेटा सेंटर येतंय, किती पोरांना नोकरी लागेल?" हा प्रश्न मला फोनवर विचारतात, प्रवासात विचारतात, कुणाला सहज भेटायला गेलो तरी विचारतात. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एक बातमी असते, बातमीत गुंतवणुकीचा भलामोठा आकडा असतो, आणि आकडा एवढा मोठा आहे म्हणजे नोकऱ्याही तशाच असणार असं त्याला वाटतं. वाटणारच, कारण आजवर कारखाना म्हटलं की पैसा आणि माणसं जोडीनेच यायची.

डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटमागचे मोठाले कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, ओळीने ठेवायची इमारत. मी इलेक्ट्रिकलवाला माणूस. बरीच वर्षं या बांधकामांवर पॅनल, केबल, यूपीएस, जनरेटर हेच करत आलोय, त्यामुळे सरळ सांगतो. बांधताना हजार-दीड हजार माणसं, आणि सुरू झाल्यावर पन्नासेक. हा नुसता माझा अंदाज नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात जगातली सगळ्यात जास्त डेटा सेंटरं दाटीने उभी आहेत, तिथल्या विधिमंडळाच्या ऑडिट समितीने डिसेंबर २०२४ मध्ये यावर मोठा अहवाल दिला, त्यात अडीच लाख चौरस फुटांच्या एका साधारण इमारतीचा हिशोब आहे: काम भरात असताना साइटवर १५०० पर्यंत माणसं, आणि नंतर पूर्णवेळ ५० च्या आसपास, त्यातलीही निम्मी कंत्राटी.

पन्नास म्हणजे किती कमी, हे साइटवर राहिल्याशिवाय कळत नाही. सकाळी सातला टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची बैठक, व्हायची तेव्हा गेटपासून शेडपर्यंत नुसती हेल्मेटं दिसायची, फिटर, वेल्डर, केबल ओढणारे, सेंट्रिंगवाले, डक्टवाले, क्रेनवाले. शेवटचे काही महिने टेस्टिंगचे असतात. सर्व्हर अजून आलेले नसतात म्हणून हॉलमध्ये लोड बँक लावतात, म्हणजे मोठाले हीटर, सर्व्हरइतकीच वीज खाणारे आणि तेवढीच उष्णता सोडणारे, आणि मग बाहेरची वीज मुद्दाम तोडतात. यूपीएस लोड धरून ठेवतो, काही सेकंदांत जनरेटर उठतात, आणि आम्ही सगळे श्वास रोखून मीटरकडे बघत उभे. पास झालं की टाळ्या पडतात, आणि त्याच आठवड्यात निम्म्या लोकांचे गेटपास जमा होतात. हँडओव्हरनंतर एकदा ब्रेकरच्या कामासाठी मी त्याच इमारतीत परत गेलो तर पार्किंगमध्ये अकरा गाड्या होत्या. आत पंख्यांचा एकसुरी आवाज, आणि रॅकच्या दोन ओळींमधून एक मुलगी ट्रॉली ढकलत बिघडलेली ड्राइव्ह बदलायला चाललेली. त्या अख्ख्या हॉलमध्ये दुसरं माणूस नाही.

त्या मुलीची नोकरी चांगली आहे हं, पगार बरा असतो, शिकायला मिळतं, शिफ्ट असली तरी काम अंगमेहनतीचं नाही. प्रश्न फक्त संख्येचा आहे.

मग एवढा पैसा जातो कुठे असं पुढचं विचारलं जातं, आणि तेही बरोबर आहे. तर त्या मोठ्या आकड्यातला सगळ्यात मोठा वाटा इमारतीचा नसतोच, तो आत बसणाऱ्या सर्व्हरचा आणि चिपचा असतो, त्याच्या खालोखाल ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, चिलर, बॅटऱ्या. हे सगळं कुठून कुठून तयार होऊन कंटेनरमधून येतं आणि आत जातं. जागेवर खर्च होतो तो मातीकाम, खडी, सिमेंट, मजुरी, भाड्याच्या खोल्या, डबे, गाड्या यांच्यावर. तोही खर्च थोडा नाही, वर्ष-दीड वर्ष त्या भागात पैसा खरंच खेळतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पण खोल्यांची भाडी चढतात ती आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूलाही द्यावी लागतात, आणि ज्याने कर्ज काढून वर चार खोल्या चढवल्या त्याच्या खोल्या काम संपलं की रिकाम्या पडतात. तुम्ही खोल्या बांधायच्या विचारात असाल तर बांधकामाच्या दीड वर्षात कर्ज फिटतंय का एवढंच बघा, त्यापुढचं भाडं हिशोबात धरूच नका.

कारखान्याशी तुलना करतात लोक, पण तिथेच फसगत होते. गाड्यांचा कारखाना आला की त्याला नट-बोल्ट लागतात, सीट लागतात, पेंट लागतो, ते पुरवणारी छोटी वर्कशॉप आजूबाजूला उभी राहतात आणि खरा रोजगार तिथे असतो. डेटा सेंटरचा कच्चा माल म्हणजे वीज, आणि तयार माल फायबरमधून हजार मैल लांब जातो, त्याला शेजारी लागत नाहीत. शेजारी दुसरं डेटा सेंटर येतं मात्र, कारण केबल आणि सबस्टेशन तिथे आधीच असतं. त्या नादात जमिनीचे भाव इतके चढतात की जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्या गोदामांना आणि वर्कशॉपना ती जागा परवडेनाशी होते, हा तोटा कुठल्याच हिशोबात दिसत नाही कारण जे आलंच नाही ते मोजणार कोण.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस विरोधातच आहे. नाही. मी या कामावर घर चालवलंय आणि हे काम चांगलं आहे असंच मानतो. माझं म्हणणं एवढंच की स्थानिक फायदा नोकऱ्यांमध्ये शोधू नका, तो करामध्ये आहे. आणि बहुतेक ठिकाणी नोकऱ्यांच्या आशेने नेमका तोच कर माफ केला जातो, म्हणजे जे मिळणार होतं ते देऊन टाकायचं आणि जे मिळणारच नव्हतं त्याची वाट बघायची.

कर वसूल केला तर काय होतं त्याचं उदाहरण त्याच व्हर्जिनियातली लाउडन काउंटी, काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे इमारतीवर मालमत्ता कर आहेच, शिवाय आतल्या कॉम्प्युटरच्या किमतीवर वेगळा कर आहे आणि खरी कमाई त्यातून होते. काउंटीचे अधिकारी स्वतः सांगतात की डेटा सेंटरना पुरवायच्या सेवांवर १ डॉलर खर्च झाला तर करातून २६ डॉलर येतात. कारण सोपं आहे, नवीन घरं बांधली की मुलं येतात, मुलांना शाळा लागते, बस लागते, आणि सर्व्हर काही शाळेत जात नाहीत. दहा-बारा वर्षांत तिथल्या रहिवाशांच्या घरपट्टीचा दर घराच्या किमतीतल्या दर शंभर डॉलरला सव्वा डॉलरच्या आसपास होता तो ऐंशी सेंटपर्यंत उतरला. सामान्य माणसाच्या हातात पडलेला हा खरा पैसा आहे, घोषणेतला नाही. पण त्याच काउंटीने मार्च २०२५ मध्ये नियम बदलून नवीन डेटा सेंटरना आपोआप मिळणारी परवानगी बंद केली, आता प्रत्येकाला सुनावणीतून जावं लागतं, कारण घरांच्या मागच्या भिंतीपर्यंत इमारती आल्या आणि लोक वैतागले.

या कमाईतही एक खाच आहे. सर्व्हरची किंमत दरवर्षी झपाट्याने उतरते, चार-सहा वर्षांत तो बदलायलाच लागतो. म्हणजे करही तसाच उतरतो, आणि पुन्हा चढेल तो कंपनीने नवीन सर्व्हर बसवले तरच. कधी बसवायचे हे कंपनी ठरवते. ज्यांचं बजेट याच एका उत्पन्नावर उभं राहतं त्यांनी शिक्षकांचे पगार यातून भागवण्यापेक्षा हा पैसा रस्ते, पाइपलाइन, शाळेची इमारत अशा एकदाच करायच्या कामांना लावावा, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि सवलत द्यायची म्हटलं तर किती? २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मेडन नावाच्या लहानशा गावात अ‍ॅपलचं डेटा सेंटर ठरलं, १०० कोटी डॉलरची गुंतवणूक, त्यासाठी राज्याने करकायदा बदलला, आणि कायमच्या नोकऱ्या सांगितल्या होत्या ५०. गुड जॉब्स फर्स्ट या संस्थेने २०१६ मध्ये अशा मोठ्या करारांचा हिशोब मांडला तेव्हा एका नोकरीमागे दिलेली सवलत सरासरी १९ लाख डॉलरच्या वर निघाली. एका नोकरीमागे! एवढ्या पैशात किती जणांना हातात धंदा देता आला असता. त्यात अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही की सवलत देणारा खिसा आणि कर घेणारा खिसा वेगळा असू शकतो. व्हर्जिनियात यंत्रांवरचा विक्रीकर राज्य सोडतं आणि मालमत्ता कर काउंटी घेते, त्यामुळे काउंटी खूश आणि राज्याच्या तिजोरीत २०२३ च्या आर्थिक वर्षात ९० कोटी डॉलरहून जास्त खड्डा. तेव्हा "फायदा झाला" असं कोणी म्हटलं की कोणाला झाला हे विचारायचं.

आता वीज, माझा विषय. एक मोठं डेटा सेंटर शंभर मेगावॅट सहज मागतं, अख्ख्या शहरासारखं. त्यासाठी नवीन लाइन, नवीन सबस्टेशन, आणि त्याचा खर्च नीट बांधून घेतला नाही तर तो सगळ्यांच्या बिलात वाटला जातो. अमेरिकेतल्या मुख्यतः पूर्वेकडच्या १३ राज्यांत पसरलेलं विजेचं जाळं, म्हणजे ग्रिड, पीजेएम नावाची संस्था चालवते. तिथे गरज पडेल तेव्हा वीज देऊ अशा हमीचा लिलाव होतो, त्याचा भाव एका वर्षात प्रति मेगावॅट-दिवस २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलर झाला, २०२५-२६ साठी. बाकीची कारणंही होती, जुनी वीजकेंद्रं बंद होणं, नियम बदलणं, पण बाजारावर देखरेख करणाऱ्याने सगळ्यात मोठं कारण डेटा सेंटरची मागणी हेच सांगितलं. ज्याच्या घरात डेटा सेंटरची नोकरी नाही, ज्याच्या काउंटीला करही मिळत नाही, त्याच्याही बिलात हे आलं.

दुसरा फटका आणखी छुपा. २०२२ मध्ये पश्चिम लंडनच्या हिलिंग्डन, ईलिंग, हाउन्स्लो भागात घरं बांधणाऱ्यांना सांगितलं गेलं की नवीन वीज जोडणीसाठी २०३५ पर्यंत थांबावं लागू शकतं, कारण तिथली क्षमता डेटा सेंटरनी आधीच घेऊन ठेवली होती. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवरच्या एकूण विजेतली ५ टक्के डेटा सेंटरकडे जात होती, २०२३ मध्ये २१ टक्के. तुमच्याकडचा एखादा माणूस शीतगृह किंवा छोटा कारखाना काढायला बसला असेल आणि त्याला जोडणी मिळत नसेल तर त्या नोकऱ्याही या हिशोबात वजा करायला हव्यात की नाही?

यावर उपाय आहे आणि तो केलाही गेलाय. ओहायोमध्ये २०२५ मध्ये वीज नियामकाने नियम मंजूर केला की एईपी ओहायो या वीज कंपनीच्या भागात २५ मेगावॅटच्या वरच्या नवीन डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली त्याच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरायचे, वापरा किंवा न वापरा. मागणी फुगवून सांगायची, लोकांच्या पैशाने लाइन टाकून घ्यायची आणि मग यायचंच नाही, हा प्रकार त्याने अडतो. मला हा नियम फार पटतो, कारण कागदावर मोठा लोड मागून प्रत्यक्षात निम्माच वापरलेला मी स्वतः पॅनलवर वाचलाय.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. बाष्पीभवनाने थंड करणारी पद्धत पाणी पिते, बंद पाइपात तेच पाणी फिरवणारी पद्धत पाणी वाचवते पण वीज जास्त खाते, मधला फुकटचा रस्ता नाही. पण पाण्याहून मोठा मुद्दा लपवाछपवीचा आहे. ओरेगनमधल्या द डॅल्स गावात गूगलचं डेटा सेंटर किती पाणी घेतं हे एका वर्तमानपत्राने मागितलं, तर गावानेच ते व्यापारी गुपित म्हणत कोर्टात धाव घेतली. वर्षभराहून जास्त भांडण चाललं, शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये आकडे बाहेर आले, तेव्हा कळलं की २०२१ मध्ये गावच्या एकूण पाण्यातला पाव हिस्स्याहून जास्त तिथे गेला होता. पाणी जास्त की कमी हे नंतर ठरवा, पण आपल्याच नळाचं पाणी किती जातंय हे विचारायला कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता उलट विचारतो, करार बघितलात का? गेल्या महिन्यात ओळखीतल्या एक ताई, त्या त्यांच्याकडच्या स्थानिक समितीवर आहेत, करार वाचायला घेऊन आल्या. दोघांनी बसून पान न् पान वाचलं. नोकऱ्यांचा आकडा पहिल्याच पानावर, शेजारी "अपेक्षित" असा शब्द, आणि तेवढ्या नोकऱ्या नाही झाल्या तर सवलत परत घेण्याचं कलम कुठेच नाही. करमाफी किती वर्षांची ते स्पष्ट होतं, सबस्टेशनचा खर्च कोणाचा ते नव्हतं. वीज आणि पाण्याचे आकडे जोडपत्र क मध्ये आहेत असं तीन ठिकाणी लिहिलेलं, आणि जोडपत्र क जोडलेलंच नव्हतं. ताई म्हणाल्या, सोमवारी मतदान आहे. मी म्हटलं, आधी ते जोडपत्र लेखी मागा, आणि येईपर्यंत विषय पुढे ढकलायला सांगा, एवढा हक्क तुम्हाला आहे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्र दिलं. पोच घेतलीय, उत्तर अजून आलेलं नाही.