फ्रिजमधली बाटली

बर्लिनमध्ये घर बदललं त्या गडबडीत भांगेच्या बियांची पुडी वर्षभर हीटरशेजारच्या फळीवर राहिली. यंदा दहा बिया पेरल्या, दोनच उगवल्या. फार हळहळले. १ एप्रिल २०२४ पासून इथे प्रौढांना घरी तीन झाडं लावता येतात, त्यासाठीच जपलेलं बी होतं ते.

नवं बी आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवलंय. ओल आणि ऊब, दोन्ही बियांच्या मुळावर येतात. आई दुधीचं बी राखेत घोळवून ठेवायची, तेही ओल टिपायलाच. बाटली बाहेर काढली की लगेच उघडत नाही. आधी काचेवरचं पाणी पूर्ण सुकू देते, नाहीतर तेच बियांवर बसतं.