वार कुणी काढली?

बर्फाच्या डब्यातली नळी उजेडात धरली. पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, जेमतेम एक मिली. सोबतच्या कागदावर: माणदेशातला मेंढपाळ, तीन महिने डोकेदुखी, ताप येतो-जातो, आता बोलण्यात गोंधळ. लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, साखर कमी, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. आपल्याकडे असा कागद बघितला की टीबीच धरतात, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू होतीच. सुरुवातीला उतार पडला, मग गाडी अडली.

सिक्वेन्सिंगमध्ये आम्ही जंतूचं नाव आधी ठरवत नाही. नळीतला सगळा डीएनए वाचायचा, माणसाचा वजा करायचा. शंभरातले नव्याण्णव तुकडे रुग्णाचेच निघतात. उरतात ते कातडीवरचे नाहीतर किटमधून आलेले जंतू. हा केर चाळण्यातच माझा दिवस जातो.

त्या दुपारी केरात अठरा तुकडे निराळे निघाले. सॉफ्टवेअर म्हणालं, ब्रुसेला: जनावरांना गाभडवणारा, म्हणजे त्यांचा गर्भ पाडणारा, आणि त्यांच्यातून माणसाला लागणारा जंतू. मी काही खूश झाले नाही. २०२० मध्ये वर्गीकरणवाल्यांनी ऑक्रोबॅक्ट्रम हा माती-पाण्यात कुठेही सापडणारा जंतू ब्रुसेलाच्याच घरात नेऊन बसवला. तेव्हापासून यादीत हे नाव दिसलं की आधी आपल्याच किटवर संशय घ्यायचा. सोबत चालवलेली नुसत्या पाण्याची नळी बघितली. शून्य. मग एकेक तुकडा हाताने जुळवला. खऱ्या ब्रुसेलाशी तंतोतंत. कोणती जात, ते एवढ्यावरून कळेना.

वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, घरी शेळ्या आहेत का विचाराल?"

"मेंढपाळाला?" त्या हसल्या.

"मग गाभडल्यात का, ते विचारा."

अर्ध्या तासाने उलट फोन. बायकोने सांगितलं होतं: पावसाळ्याआधी तीन शेळ्या गाभडल्या. एकीची वार (गर्भाचं आवरण) अडकली, ती यानेच हात घालून काढली. उघड्या हाताने.

दोन दिवसांनी ब्रुसेलाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी ॲग्लुटिनेशन टेस्ट पॉझिटिव्ह आली, रक्तातही आणि पाठीतल्या पाण्यातही. एकेटीने आधी उतार का पडला, तेही तेव्हा उमगलं. त्यातली रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालते. रोग मोडायला ती एकटी पुरत नाही, आपली फसगत व्हायला मात्र पुरते. तीच ठेवून डॉक्सी आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही अँटिबायोटिक्स जोडली.

रिपोर्टच्या मेसेजखाली मॅडमनी आणखी एक ओळ लिहिली होती: बायकोचंही रक्त पाठवतेय, धार तीच काढते.