पुराव्यापुरतं स्टील

शिकणाऱ्यांना मी नेमका हाच अल्बम का ऐकवतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी हवायन गिटार शिकवतो. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा बार, आणि तो तारांवरून सरकवत सूर काढायचा. शिकायला येणाऱ्या बहुतेकांना जुनी हिंदी गाणी वाजवायची असतात. हात जरा बसला की मी त्यांना अमेरिकन गायिका डॉली पार्टनचा १९७७ सालचा ‘हिअर यू कम अगेन’ हा अल्बम ऐकवतो. कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेलं संगीत, थोडंफार ऐकलेलं कुणी असेल तर हमखास विचारतं, "सर, याच अल्बमपासून ती पॉपकडे वळली ना? मग हाच का?"

वळली, हे खरंच आहे. ईस्ट टेनेसीच्या डोंगरातली ही मुलगी, बारा भावंडांतली चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरांची फी म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाची गोणी दिली होती. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला गेली. १९६७ पासून कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गायला लागली आणि सात वर्षांनी तो कार्यक्रम सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिली. मग लॉस एंजेलिसचा मॅनेजर आला, घरच्या माणसांचा वाद्यवृंद जाऊन नवा आला, आणि गॅरी क्लाइन या निर्मात्याबरोबर हा अल्बम झाला. शीर्षकगीत बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल यांचं, म्हणजे नावाजलेल्या पॉप गीतकार जोडीचं. आधीच्या अल्बमांत बरीचशी गाणी तिची स्वतःची असायची. इथे दहापैकी चारच तिची आहेत. मला सगळ्यात जास्त रुखरुख लागते ती याची.

त्या काळी नॅशव्हिलमध्ये वातावरण किती तापलेलं होतं, तेही लक्षात घ्या. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्तम गायिकेचा पुरस्कार ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेला दिला, तेव्हा चिडलेले कलाकार कंट्री गायक जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी कंट्री गायक चार्ली रिचने त्याच पुरस्कारांच्या मंचावर विजेत्याच्या नावाचा कागद उघडला, त्यावर पॉपकडे झुकलेल्या जॉन डेन्व्हरचं नाव होतं, आणि त्याने तो कागद सगळ्यांदेखत लायटरने पेटवला. अशा गावातून निघून पॉप गाणं गायचं म्हणजे आपल्याच माणसांकडून ‘ही बाटली’ असं ऐकून घ्यायची तयारी हवी.

डॉलीला ती धास्ती होतीच. शीर्षकगीत ध्वनिमुद्रित झालं तेव्हा ते फारच पॉप झालंय असं तिला वाटत राहिलं. तिने क्लाइनकडे हट्ट धरला की यात स्टील गिटार घाला, म्हणजे उद्या कुणी हे कंट्री नाही म्हणालं तर मला दाखवता येईल. मग अल पर्किन्स या वादकाकडून पेडल स्टील, म्हणजे पेडल असलेली स्टील गिटार, वाजवून घेतलं.

विद्यार्थ्यांना मी नेमकं हेच ऐकायला लावतो. पियानोचा तो टुणटुणता ठेका सोडून द्या, तिच्या ओळींच्या मागे कान लावा. तिथे स्टील हळूच घसरत येतं. आपल्या वाद्यात बार सरकवून जी मींड येते तीच, फक्त पेडल स्टीलला पायाने पट्ट्या दाबून आणि गुडघ्याने दांडे ढकलूनही तारेचा सूर बदलता येतो. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे कामात, आणि गाण्यात मात्र एखाद्या उसाशाएवढी जागा. गाणं कंट्रीच्या यादीत पाच आठवडे पहिलं राहिलं आणि पॉपच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम तिचा पहिला प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचा, ठरला. १९७८ मध्ये त्याच कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ केलं.

आता मला खरं म्हणायचंय ते. जे वाद्य तिने कंट्रीची खूण म्हणून मागून घेतलं, ते तरी मुळात नॅशव्हिलचं कुठे होतं? ते हवाईचं. जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुळवली असं मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवायन संगीताचं वेड लागलं आणि ते वाद्य दक्षिणेकडच्या गवयांच्या हातात गेलं. दुसऱ्या वाटेने ते आपल्याकडे आलं. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी त्यावर सिनेमाची गाणी अशी वाजवली, की माझ्याकडे येणाऱ्यांना ते आपलंच वाद्य वाटतं. आणि त्यांचं चुकत नाही. वाद्य ज्या घरात राहतं तिथली भाषा शिकतं. त्यामुळे स्टील आहे म्हणून कंट्री, नाही म्हणून पॉप, हा हिशेब मला कधी पटला नाही.

डॉलीने डोंगर सोडला नाही याचा पुरावा मला वेगळ्याच ठिकाणी मिळतो. याच अल्बममध्ये तिने स्वतः लिहिलेलं ‘मी अँड लिटल अँडी’ आहे. थंडीच्या रात्री एक फाटकी, मळकी मुलगी कुत्र्याचं पिल्लू घेऊन दार ठोठावते. आई निघून गेलेली, बाप दारूत. आसरा मिळतो, पण त्याच रात्री दोघंही जातात. मधेच डॉली त्या मुलीच्या पातळ आवाजात गाते. काहींना ते ओढूनताणून रडवणं वाटतं, मला वाटत नाही. लहान मुलांच्या मरणाची गाणी त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली, कारण मुलं खरोखर जात होती. डॉलीचा एक भाऊ जन्मल्यावर लगेच गेला होता. ज्या अल्बमने तिला लाखोंच्या घरात पोचायचं होतं, त्यात तिने हे गाणं ठेवलं.

मागच्या महिन्यात हे गाणं ऐकवून संपल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यात स्टील कुठे कुठे होतं?"

मी आठवायला लागलो, पण मला सांगता येईना. तेवढा वेळ मी गिटार ऐकतच नव्हतो.