रीजनल ते नॅशनल, मधले आठ दिवस

शुक्रवार, रीजनल संपल्यावर

अमेरिकन कॉलेज क्रॉस कंट्रीत, म्हणजे गवत-मातीवरच्या लांब पल्ल्याच्या सांघिक धावण्यात, रीजनल ही विभागीय शर्यत. तिथे पहिल्या दोन संघांत नाव आलं की नॅशनलचा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा, प्रश्नच मिटला. तिसऱ्या-चौथ्या नंबरवर अडकलेल्या संघाची मात्र आजची रात्र आकडेमोडीत जाते. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटात, देशाचे नऊ विभाग आहेत. प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ थेट नॅशनलला जातात, म्हणजे १८. उरलेल्या १३ जागा निवडीने भरतात, आणि तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या शर्यतींत कोणाला मागे टाकलं होतं ते कामी येतं. तेव्हा 'ही तर सरावाची शर्यत' म्हणून दुय्यम संघ उतरवणारे कोच आज रात्री डोकं धरून बसतात. ३१ संघ, प्रत्येकी सात जण, वर ३८ वैयक्तिक पात्र धावपटू. पुढच्या शनिवारी एकाच रेषेवर २५५ जण उभे राहणार.

आज करायचं काम साधं आहे. शर्यतीनंतर पंधरा मिनिटं हळू जॉग, कोरडे मोजे, अर्ध्या तासात पोटात काहीतरी. कोण कसं धावलं याची चिरफाड आज नको. मुलांनी सगळा हंगाम ८ किलोमीटर धावून काढलेला असतो, आणि १० किलोमीटर पहिल्यांदा येतं ते रीजनलला. पहिल्या वर्षाच्या मुलासाठी ती गवतावरची आयुष्यातली पहिली दहाची शर्यत असू शकते. दुसरी लगेच आठ दिवसांनी. मुलींचं अंतर ६ किलोमीटर, त्यामुळे त्यांचे पाय थोडे लवकर मोकळे होतात, एवढाच फरक.

शनिवार

चाळीस मिनिटं अगदी हळू, गप्पा मारत. ज्याला नको त्याने नको. दुपारी नॅशनलच्या संघांची यादी लागते.

रविवार

फसवा दिवस. शनिवारी पाय बरे वाटतात, रविवारी जिना उतरताना मांड्या बोलायला लागतात. उतारावर धावताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याची ठणक चोवीस तासांनी सुरू होते आणि बहात्तर तासांपर्यंत चढत जाऊ शकते. शुक्रवारच्या शर्यतीचं बिल रविवारी येतं ते असं. ठणक म्हणजे दुखापत नव्हे, पण दोन्हीतला फरक ओळखता आला पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि दहा मिनिटं धावल्यावर मोकळ्या होत असतील तर चिंता नाही. एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दुखतंय आणि धावताना वाढतंय, तर आजच फिजिओ गाठायचा. मंगळवारपर्यंत लपवून ठेवणारे धावपटू दरवर्षी भेटतात.

रविवारची लांब धाव रद्द करायची नाही, छाटायची. एरवी शंभर मिनिटं असेल तर आज सत्तर-पंचाहत्तर, सपाट आणि मऊ जमिनीवर.

सोमवार

आज हिशोब. क्रॉस कंट्रीत पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. सहावा-सातवा गुणांत धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. समजा, आपले पहिले चार १२, २५, ३८, ५२ वर आले. बेरीज १२७. पाचवा ७० वर आला तर १९७, १३० वर आला तर २५७. त्याच शर्यतीत पहिल्याने जिवाचं रान करून १२ चा ५ केला तर वाचतात सात गुण. सगळ्यांचं लक्ष पुढच्या मुलाकडे, आणि साठ गुण पडून असतात मागे.

मधल्या गर्दीत ढोबळमानाने सेकंदाला दोन-तीन जण रेषा ओलांडतात. पाचव्याला पोटात कळ आली आणि त्याचे दहा सेकंद गेले, की वीस-पंचवीस गुण गेलेच. २०२३ च्या नॅशनलमध्ये शार्लट्सव्हिलला मुलींचं विजेतेपद एका गुणाने ठरलं: नॉर्थ कॅरोलिना स्टेट १२३, नॉर्दर्न ॲरिझोना १२४. त्याच्या आदल्या वर्षी स्टिलवॉटरला मुलांच्या शर्यतीत नॉर्दर्न ॲरिझोना आणि ओक्लाहोमा स्टेट दोघांचे ८३. अशा वेळी पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा अशा पाच जोड्या लावतात. नॉर्दर्न ॲरिझोनाने तीन जोड्या जिंकल्या आणि करंडक नेला.

म्हणून या आठवड्यात कोचने सगळ्यात जास्त वेळ पाचव्या-सहाव्या खेळाडूला द्यावा असं माझं ठाम मत आहे. पहिल्या नंबरचा मुलगा स्वतःचं बघून घेतो. पाचव्याला मात्र कळतच नसतं की सगळ्यांचं घोडं आपल्यापाशी अडलंय. आणि एकदा कळलं की झोप उडते. दोन्ही टोकं वाईट. त्याला गुणांचा आकडा सांगू नये. 'आपल्या चौथ्याची पाठ दिसत राहू दे' एवढं एकच काम द्यावं.

मंगळवार

आठवड्यातला एकमेव खरा वर्कआउट. मुलांना १००० मीटरचे पाच रिपीट (तेच अंतर पुन्हा पुन्हा), मुलींना चार, शर्यतीच्याच वेगाने, मध्ये दोन मिनिटं हळू जॉग. शेवटी २०० मीटरचे चार, जोरात पण दात-ओठ न खाता. ट्रॅकवर नको, गवतावरच, स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट घालून. घड्याळ कोचच्या हातात, मुलांच्या मनगटावर नाही.

इथे चूक एकाच दिशेने होते. पाय हलके झालेले असतात, डोक्यात नॅशनल असतं, आणि तीन मिनिटांऐवजी दोन पन्नासचे किलोमीटर पडायला लागतात. पहिला जोरात गेला की बाकीचे सहा त्याच्या मागे, आणि पाचवा मंगळवारीच आपली शर्यत धावून मोकळा होतो. उपाय सोपा आहे: पहिला किलोमीटर पाचव्याला पुढे ठेवून काढायचा. शेवटच्या रिपीटनंतर 'अजून एक झाला असता' असं सगळ्यांच्या तोंडून आलं पाहिजे, आणि तो एक करायचा नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे नुसता आराम. आठवड्याला १४० किलोमीटर धावणाऱ्याला एकदम पन्नासवर आणलं की पाय ताजे होत नाहीत, मठ्ठ होतात. स्नायूंचा ताण उतरतो, झोप बिघडते, आणि रिकामं डोकं दुखणी शोधायला लागतं. किलोमीटर तिसऱ्या हिश्श्याने कमी करा, पण धावायचे दिवस तेवढेच ठेवा आणि थोडा वेगही राहू द्या. नवीन ताकद आता येणार नाही. आजच्या मेहनतीचं फळ दोन आठवड्यांनी लागतं, तोवर हंगाम संपलेला असेल.

बुधवार

पंचेचाळीस मिनिटं हळू. घसा धरलाय का, नाक वाहतंय का, हे विचारायचं. परीक्षा, वसतिगृह आणि नोव्हेंबर, या तिघांची युती प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त संघ पाडते. पाण्याची बाटली ज्याची त्याने वापरायची.

गुरुवार, प्रवास

स्पाइक्स हातातल्या पिशवीत, सामानात कधीच नाहीत. प्रवासात दर तासाला उठून चार पावलं. पोहोचल्यावर तीस मिनिटं जॉग आणि ८० मीटरचे चार स्ट्राइड्स (वेगाच्या छोट्या धावा), म्हणजे बसून आखडलेली कंबर सुटते.

जेवणाबद्दल एक गैरसमज काही जात नाही. ही अर्ध्या तासाची शर्यत आहे, मॅरेथॉन नव्हे. आठवडाभर कमी धावून नेहमीसारखं जेवलं तरी स्नायूंत पुरेशी साखर साठलेली असते. आदल्या रात्री पास्त्याचा डोंगर उपसला तर सकाळी पोट जड, बाकी काही नाही. नेहमीचं जेवण, जरा लवकर, भाज्या आणि तेलकट कमी.

शुक्रवार, कोर्सवर

कोर्स डोळ्यांनी नाही, टाचेने बघायचा. टाच जमिनीत दाबा. उमटली नाही तर ६ मिलिमीटरचे खिळे, जेमतेम उमटली तर ९. पाणी वर आलं तर १२. टाच आत गेली आणि काढताना आवाज आला तर १५. लांब खिळा म्हणजे जास्त पकड हे फक्त चिखलात खरं. कडक जमिनीवर तो आत जात नाही, उलट तळव्यालाच टोचतो, आणि सहाव्या किलोमीटरला पोटरी आखडते. टेरे हॉटचा लावर्न गिब्सन कोर्स कोळशाच्या जुन्या खाणीच्या जमिनीवर खास क्रॉस कंट्रीसाठी बनवलाय, पण २०१९ च्या नॅशनलला पावसाने तिथेही चिखल केलाच. चारही मापांचे खिळे सोबत हवेतच.

खिळे आज संध्याकाळीच बदलायचे, उद्या गार पडलेल्या बोटांनी नाही. आधी टूथपिकने भोकातली माती काढा. आट्यांना व्हॅसलीनचा थेंब. खिळा पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवा. सरळ बसला असेल तर सहज फिरतो, अडला तर तिरका बसलाय. तिथेच पाना लावून जोर केला की आटे जातात आणि तो बूट कामातून गेला. बोटांनी पूर्ण बसल्यावर पान्याने पाव फेरा, बस्स. जुना जोडही बॅगेत टाका. नवा जोड नॅशनलला पहिल्यांदा घालणाऱ्याबद्दल काय लिहायचं!

कोर्सवर आणखी तीन गोष्टी बघायच्या. सुरुवातीच्या रेषेपासून पहिलं वळण किती लांब आणि तिथे रुंदी किती उरते. वारा समोरून कुठे येतो. आणि शेवटचा किलोमीटर, दोनदा चालून. मुलांची आणि मुलींची शर्यत एकाच दिवशी असते. आपली दुसरी असेल तर वळणाची आतली बाजू पाचशे पायांनी तुडवलेली मिळणार, तेव्हा हातभर बाहेरून पळालेलं परवडतं.

शनिवार

उठणं शर्यतीच्या चार तास आधी, खाणं तीन तास आधी. टॉयलेटच्या रांगेत वॉर्म-अपच्या आधी एकदा, नंतर एकदा, ती वेळ धरूनच चालायचं. पन्नास मिनिटं उरली की वीस मिनिटं जॉग, मग ड्रिल्स. बिबला, म्हणजे छातीवरच्या नंबरच्या कागदाला, चारही कोपऱ्यांत पिन. वेळ नोंदवणारी चिप बुटावर असेल तर तपासून घ्यायची. नाडीला दुहेरी गाठ, टोकं आत, वरून टेप. उबदार कपडे शेवटच्या दहा मिनिटांतच काढायचे.

संघाच्या चौकटीत सातही जण एका ओळीत मावत नाहीत. पुढे सुरुवात वेगवान असणारे दोघे-तिघे, बाकीचे त्यांच्या खांद्यामागे. पहिल्या ४०० मीटरला मुलं ६४-६५ सेकंदांत जातात, आणि शर्यतीचा वेग असतो सत्तरच्या आसपासचा. इथे पाचव्याची परीक्षा. फार मागे राहिला तर वळणावर कोंडतो, आणि गवतावर शंभर जणांना वळसा घालून पुढे जाणं महाग पडतं. पुढच्यांबरोबर गेला तर चौथ्या किलोमीटरला पाय दगडाचे. पहिल्या किलोमीटरला एकशेवीसच्या आसपास, पाचव्या किलोमीटरला शंभराच्या आत, आणि खरी माणसं पाच ते आठच्या मध्ये गाठायची, जेव्हा आजूबाजूचे नुसते तग धरून असतात.

कुंपणाजवळून कोच क्रमांक ओरडतो तो एकूण क्रमांक असतो. संघाची बेरीज करताना वैयक्तिक धावपटू वगळतात, त्यामुळे एकूण नव्वदावा हा संघांच्या हिशोबात सत्तरच्या घरात असू शकतो. धावणाऱ्याला ते सांगायची गरज नाही, पण बोटांवर मोजणाऱ्याने विसरू नये. आपल्या रंगाची पाचवी जर्सी रेषेवर आली की मोजणं संपलं. बोर्डवर आकडे यायला वेळ लागतो, तोवर कोरडे टी-शर्ट कोणत्या बॅगेत आहेत ते बघा. घाम अंगावर गार होऊ देऊ नका, आणि बुटाची चिप सोडून परत द्या.